राखेच्या माळावरची सावली

चांद,

तुझ्या कुसुमवैनीनं काल ज्वारीचा डबा भरून दारात आणून ठेवला. मग तिचं तिलाच आठवलं आणि डबा तसाच उचलून आत नेला. "सवय झालीया, दुसरं काय," म्हणाली. तू गेल्यापासून आमच्याकडं दळण नाही. वेशीपाशी नवी गिरणी निघाली आहे, सगळं गाव तिथंच जातं. पण कुसुमला तसं सांगायची माझी छाती होत नाही. आम्ही भात खातोय. या वयात मला भात पचत नाही, आणि त्याचाही राग मी तुझ्यावरच काढतो.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी आपलं भांडण संपवू. तू ते अर्ध्यावर सोडून गेलास. तुझी ती खोडच होती. वाद रंगात आला की तू गिरणीचा पट्टा चढवायचास, धाडधाड आवाज सुरू व्हायचा आणि मी नुसतं तोंड हलवत उभा. दळण संपलं की विचारायचास, "काय म्हनलास मास्तर? ऐकू न्हाय आलं." भुवयांवर पीठ आणि त्याखाली मिस्कील डोळे. शाळेत जन्म काढला मी, चाळीस-चाळीस पोरं एका आवाजात गप्प केली, पण तुझ्या त्या पट्ट्यापुढं माझं कधी काही चाललं नाही.

आता पट्टा बंद आहे आणि तूही ऐकायला नाहीस. तरी बोलतो.

तुला सांगायला नको, पण मला एकदा सगळं पहिल्यापासून मांडू दे. मास्तर आहे, पाढा पहिल्यापासून म्हटल्याशिवाय मला पुढचं आठवत नाही.

गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंपात आपलं जुनं गाव खाली बसलं. आपण दोघं तेव्हा विशीतले. तू गिरणीच्या भिंतीखाली सापडलास, मांडी मोडलेली. तुला गाडीत घालून सोलापूरला नेलं. मी शेतातल्या वस्तीवर होतो म्हणून वाचलो. आई-दादा सापडले, जिवंत. माझी काकू सापडेना. आणि तुझी अम्मा सापडेना. मी दोघींना हाका मारत दगड उपसत होतो. वर पाऊस धरलेला, खाली चिखल, आणि माळवदाची माती भिजून लोण्यासारखी हातातून निसटत होती.

दुपारी चावडीमागच्या बोळात एक बाई सापडली. तोंड राहिलंच नव्हतं. पण लुगडं मी ओळखलं. हिरवं, पिवळ्या काठाचं, गौरीच्या सणाला काकूनं उमरग्याहून आणलेलं. विसर्जनाला नेसून मिरवत होती. मी म्हणालो, ही माझी काकू. कोणी शंका घेतली नाही. मी तिला खांद्यावर टाकून माळावर नेलं. तिथं गावानं एकच मोठी चिता रचली होती. लाकूड ओलं होतं, म्हणून पडलेल्या घरांच्या तुळया, चौकटी, कुणाच्या तरी माजघरातला नक्षीचा खांब, सगळं त्यात गेलं. ज्या घरांनी माणसं मारली त्याच घरांनी ती जाळली. मी तिच्या ओठांच्या जागी पाणी सोडलं, तुळशीचं पान ठेवलं आणि पुतण्या म्हणून अग्नी दिला.

पुढं उघडीप पडल्यावर ढिगारा उपसताना काकू सापडली. तिच्याही अंगावर तेच लुगडं.

काकूनं त्या सणाला एकसारखी दोन लुगडी आणली होती, एक स्वतःला आणि एक अम्माला. घरातल्या सगळ्या बायकांना ते माहीत होतं, पण त्या दुपारी त्यांना कुणी विचारलं नाही. मला नव्हतं. आपल्या गावात पुरुषांना बायकांच्या देण्याघेण्यातलं कधी काय माहीत असतं? दोघींनी ठरवून एकाच दिवशी नेसली होती, गावाला दाखवायला. कौतुकानं दिलेल्या एका लुगड्यापायी मी काकू समजून अम्माला अग्नी दिला.

सोलापूरच्या दवाखान्यात तुझ्या खाटेशेजारी बसून मी हे तुला सांगितलं. तू छताकडं बघत होतास. विचारलंस, "पानी पाजलंस का तिला?"

"पाजलं."

"तूच?"

"म्याच."

"मंग झालं. म्या असतो तर म्याच पाजलं असतं. तू पाजलंस." आणि मग माझं मनगट धरून म्हणालास, "अब्बाला सांगू नगं. त्यांना सांग, दफन केलं म्हनून. त्यांच्या जिवाला तेवढं तरी राहू दे."

मी शब्द दिला. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं जन्मभर माझं तोंड बघितलं नसतं. तू माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढत होतास. हे ऋण मला कधी बोलून दाखवता आलं नाही, आज दाखवतो. बोलायची वेळ नेहमी तू त्या मेल्या पट्ट्यात घालवलीस.

माळाला तेव्हापासून राखेचा माळ म्हणू लागले. दरवर्षी त्या दिवशी गाव तिथं दिवे लावायला जायचं. तूही जायचास, हातात मलिद्याचं पातेलं. शिळ्या चपात्या कुस्करून गूळ-तूप घातलेला तो मलिदा गाव हात पसरून घ्यायचं. "चांदपाशाचा मलिदा आला का?" असं म्हातारे विचारायचे. लोकांना वाटायचं, चांदपाशा गावासाठी करतो, मोठ्या मनाचा माणूस. पहिला घास तू कोणाला न देता माळाच्या दक्षिणेच्या कडेला मातीवर ठेवायचास, मी बोट दाखवलं होतं त्या जागी. मुंग्या यायच्या. त्या आल्या की तू उठायचास. तिथं कोण आहे हे तुला आणि मलाच माहीत होतं.

आणि माळाशेजारी वसवायच्या नव्या गावाचा नकाशा काढणाऱ्या कुठल्याशा परगावच्या इंजिनिअरनं मशिदीचा चौकोन नेमका त्याच कडेला आखला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तेव्हाचे म्हातारे जिवंत होते, चितेत पोटची पोरं घालून आलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "देवाचंच नाव घ्यायचं नव्हं तितं? घ्या की." एवढ्यावर विषय संपला होता. तुम्ही पत्र्याचं शेड मारलंत आणि त्यात वर्षानुवर्षं नमाज पढलात. एकदाही कुणाच्या पोटात दुखलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात अवकाळी वाऱ्यानं शेड उडालं. तुम्ही ठरवलं, आता पक्कं बांधू. विटांची एक खेप येऊन पडली. आणि तेवढ्यात गावाला आठवलं की ही जागा चितेची आहे.

आठवलं कुणाला, तर माझ्या पुतण्याला, विश्वजितला. भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला पोरगा. त्यानं जुन्या गावाचा एक दगड पडताना पाहिला नाही. पण ग्रामसभेत असा बोलला की माझ्याच अंगावर काटा आला. "आमच्या मानसांच्या राखंवर आमी मशीद हू देनार न्हाय." टाळ्या. तालुक्याहून आलेली चार पोरं मागं उभी होती, त्यांच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या. सखूमावशी, जिची दोन लेकरं त्या चितेत गेली, ती काठी टेकत उठली आणि म्हणाली, "आरं बांधू द्या की. माजी लेकरं तितं हायत, त्यांना काय तरास हुनार हाय?" तिला कुणीतरी हाताला धरून खाली बसवलं, "मावशी, तुमाला त्यातलं कळत न्हाय." तिला कळत नाही. पोरं तिची जळली आणि कळतं मात्र विश्वजितला.

तू शेवटी उठलास. टोपी खिशात घालून आला होतास, हे मला तेव्हाच दिसलं होतं आणि फार लागलं होतं. तू एवढंच म्हणालास, "आमाला मोठी न्हाय पायजे. भोंगा बी नगं. मयताला आन् जुम्म्याला उभं राहायपुरती सावली पायजे, बस." आणि खाली बसलास.

त्या सभेतून काहीच ठरलं नाही, पण ठरायचं ते ठरून गेलं. दोन्ही बाजूंचे अर्ज वर गेले, माळाला तारेचं कुंपण पडलं, कुणी आत जायचं नाही असा हुकूम झाला. आणि तुझ्या गिरणीपुढची डब्यांची रांग आखडत गेली. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त डबे येईनासे झाले. आधी वरच्या आळीचे, मग शेजारचे. मग वेशीपाशी नवी गिरणी. तुझ्या दारात एक आमचाच पितळी डबा राहिला. कुसुम तो मुद्दाम डोक्यावर घेऊन भर पेठेतून यायची. तू तिला म्हणायचास, "वैनी, मास्तरच्या ज्वारीत खडं लई. त्याच्या बोलन्यावानी." आणि पीठ चिमटीत धरून बघायचास, जाडं नाही ना, जसं काही मागं अजून रांग लागली आहे.

त्याच दिवसांत आपलं भांडण झालं. मी म्हणालो, "चांद, आता तरी सांग. अब्बा जाऊन किती वर्षं झाली. सांग सभेत, की माझी आई त्याच राखेत आहे. तुमची मानसं आन् माझी आई एकाच चितेत गेली. मग बघू कोन म्हनतं ही जागा तुझी न्हाय."

तू पट्टा चढवला नाहीस. पहिल्यांदाच. पिठाचे हात पुसलेस आणि म्हणालास, "माझ्या आईचं मढं नेऊन सभेत मांडू? जागा मागाया?"

"खरं आहे ते. खरं सांगायला लाज कसली?"

"लाज न्हाय, बाळ्या. पन एकदा सांगितलं की ती त्यांची झाली. मंग तिच्यावर बी हात वर करून मत घेतील. म्या घेऊ देनार न्हाय."

"हट्टी हायस. तुझ्या हट्टापायी तुझ्या मानसांना सावली मिळायची न्हाय."

"नगं मिळू दे."

मी रागानं उठलो. म्हणालो, "मर मग उन्हात." आपण शिव्या देऊनच मोठे झालो, त्या शब्दाचं मला तेव्हा काही वाटलं नाही. तुलाही नसेल वाटलं. माझ्या मागनं ओरडलास, "डबा उद्या न्यायला ये, आज लाईट जानार हाय." तेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी मी रुसून गेलो नाही, कुसुमला पाठवलं.

मग त्याच दुपारी गिरणीच्या दगडाला टाकीनं खाचा पाडता पाडता तू छाती धरून बसलास. उमरग्याच्या वाटेवर गाडीतच गेलास. तुझा पोरगा समीर पुण्याहून येईपर्यंत तुला घरात ठेवलं.

तुला मातीला नेलं तेव्हा वैशाखाचं ऊन होतं. जनाज्याची नमाज कुठं पढायची? माळावर कुंपण. म्हणून गिरणीपुढच्या रस्त्यावर तुमची माणसं रांगेनं उभी राहिली. रस्ता अरुंद, रांगा मावेनात, कोपऱ्यावरून वळवल्या. पायाखाली डांबर तापलेलं. समीरनं चपला काढल्या आणि पाय उचलत-टेकवत उभा राहिला. आम्ही काही जण भिंतीच्या सावलीला होतो. चांद, मी त्या सावलीत उभा होतो. माझ्या तोंडून निघालेलं ते वाक्य मला तिथं ऐकू आलं. मी पुढं होऊन उन्हात उभा राहिलो, पण त्यानं काय होतंय.

कबरस्तानात मी खांदा दिला, माती लोटली. विश्वजितही आला होता, हे सांगायला हवं. पाण्याचा टँकर त्यानंच आणला होता. तो दुष्ट पोरगा नाही. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

आता जे तुला सांगायला बसलोय ते सांगतो.

तुला जाऊन पंधरवडा झाला नव्हता तेव्हा पुन्हा ग्रामसभा लागली, याच जागेसाठी. समीर आला होता. मागच्या बाजूला, तू बसायचास तिथंच बसला. विश्वजित पुन्हा तेच बोलायला लागला, आमची राख, आमची माणसं. आणि माझा तोल गेला. मी उठलो. शब्द दिला होता, तो देणाऱ्यावर बंधनकारक असतो की घेणारा गेल्यावर सुटतो, याचा विचार करायला मी थांबलो नाही. मी सगळं सांगितलं. लुगडी, चावडीचा बोळ, पाणी, तुळस, मलिदा. माणसं उपरण्यानं डोळे पुसत होती. सखूमावशी रडत होती. मी समीरकडं बघितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं.

मला वाटलं, जिंकलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की चांद, तुझं चुकलं आणि माझं बरोबर निघालं.

विश्वजितचे डोळेही भरले होते. खोटे नव्हते. तो हात जोडून म्हणाला, "काका, आमाला हे ठावं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट चांदचाच्यानं कधी सांगितली न्हाय." आणि मग सभेकडं वळून, "त्या आजीला आपन अग्नी दिला. आपल्या मानसांसंगं दिला. म्हंजी ती आपलीच झाली की. आता तर तितं दुसरं काय बांधायचा सवालच न्हाय. सगळ्या माळावर स्मारक करू, आन् त्या आजीचं नाव सगळ्यात वर घालू."

टाळ्या पडल्या. चांद, ज्यांच्या डोळ्यांत आत्ता पाणी होतं त्यांनीच टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, "मशिदीचं?" सरपंच म्हणाले, "त्याचं मागून बघू. आधी हे घेऊ." मी ओरडत होतो, "आरं मी हे यासाठी न्हाय सांगितलं." माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. तुझ्या गिरणीत जायचा नाही तसाच.

सरपंच म्हणाले, "ज्यांना मान्य हाय त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. पुढच्या सतरंजीवरचे, मग मधले, मग बायकांकडचे. सखूमावशीनं माझ्याकडं बघितलं आणि तिनंही केला, तिची लेकरं होती ना त्यात. मग सगळं गाव मागं वळून समीरकडं बघायला लागलं. कुणी दरडावलं नाही. नुसते बघत होते. त्याच्या आजीच्या मानासाठी गाव उभं होतं, आणि तो हात खाली ठेवून काय सांगणार होता?

सभेनंतर तो गिरणीत आला. पट्टा उतरवून गुंडाळत मला म्हणाला, "काका, अब्बांनी हे मला का न्हाय सांगितलं?" मी म्हणालो, "त्याला भीती होती, तिच्यावर मत घेतील." समीरनं पट्टा खुंटीला टांगला, शटर ओढलं आणि किल्ली माझ्या हातात देऊन पुण्याला गेला. ती किल्ली आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. कुसुमला विचारायची हिंमत नाही, पण रोज किल्लीवरची धूळ कोणीतरी पुसतं.

भांडण संपलं, चांद. तुझं खरं होतं. ठराव एकमतानं झाला, असं लिहून घेतलं आहे. ते खोटं आहे. माझा हात खाली होता. पण तुझ्या पोराचा वर होता.